आठ लाल ठिपके

इंजिन उलटं करून स्टँडला बांधलं होतं. नॉर्मननं तळाच्या ऑइल चेंबरचा शेवटचा बोल्ट काढला, चेंबर बाजूला ठेवला आणि आत बॅटरी मारली. कनेक्टिंग रॉडच्या आठही नटांवर एकेक लाल ठिपका होता.

तो तसाच वाकून राहिला. नट आवळून झाला की त्यावर रंगाचा ठिपका द्यायचा, म्हणजे कुठला राहिलाय ते कळतं. ॲबिंग्डनच्या कारखान्यात एमजी गाड्यांवर हात चालवणारा प्रत्येक माणूस हेच करायचा. पण ही गाडी नॉर्मननं कोरी करकरीत घेतली होती आणि तिच्या इंजिनाचं पोट आजवर कुणी उघडलं नव्हतं. निदान तो तसं समजत होता.

त्यानं नखानं एक ठिपका खरवडला. चिवट पापुद्रा निघाला. हा गॅरेजातला रंग नव्हता. ऑइलनं काळपटला होता, तरी नॉर्मननं ओळखला. बायकोचं, बेरिलचं नेलपॉलिश. क्लबच्या जेवणाला जायचं असलं की तेवढ्यापुरतं ती ते लावायची.

बेरिल हिवाळ्यात गेली होती. तिला विचारायची सोय नव्हती.

गॅरेजची दुसरी किल्ली शेजारच्या डेरिककडे असायची. पहिल्यापासून. दफनाच्या दिवशी डेरिक इतका रडला होता, की बायका नॉर्मनला सोडून त्याच्याच पाठीवरून हात फिरवत होत्या. तेव्हा नॉर्मनला वाटलं होतं, चांगला माणूस आहे. आता तो रडका चेहरा वेगळा दिसायला लागला. बेरिल त्याला डेरी म्हणायची. त्याच्या चहात किती साखर लागते हे तिला विचारावं लागत नसे. नॉर्मन कामावरून अवचित घरी आला, की कधीकधी दोघं बोलता बोलता गप्प व्हायची. होय, व्हायची. त्याला आता एकदा नाही, बऱ्याचदा आठवलं.

डेरिक नेहमीसारखा चहाचे दोन मग घेऊन आला.

"काय लेका, सापडला का खजिना?"

"ये ना. तूच बघ."

डेरिक वाकला. सरळ झाला तेव्हा त्याच्या तोंडावरचं हसू गेलेलं होतं.

"किती वर्षं चाललं होतं?" नॉर्मननं विचारलं.

"काय चाललं होतं?"

"वेड पांघरू नकोस. माझ्या माघारी, माझ्या गॅरेजात, माझी बायको आणि तू."

डेरिकला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि तो खो खो हसत सुटला. "अरे, आम्ही दोघं या गाडीखाली होतो. नखशिखांत ऑइलमध्ये! तिच्या केसांतून ते निथळत होतं. त्या अवतारात कुणाला काय सुचणार होतं, बाबा?"

नॉर्मन हसला नाही. डेरिकनं दोन्ही मग बाकावर ठेवले.

"तू ॲबरडीनला कामावर होतास, त्या वर्षीची गोष्ट. गॅरेजात खाली ऑइल पडायचं बंद झालं होतं. तिला वाटलं, गळती आपोआप थांबली. खूश होती. मला म्हणाली, बघ डेरी, फरशी कशी लख्ख आहे! आणि गाडी काढून गेली बहिणीकडे, पार समुद्रापर्यंत."

नॉर्मननं डोळे मिटून घेतले. या गाडीखाली ऑइल पडेनासं झालं, याचा अर्थ एकच. आत उरलेलंच नाही.

"येताना इंजिन ठोकायला लागलं. बेअरिंगं खलास. मी म्हटलं, नॉर्मनला फोन लावू. तर तिनं रिसीव्हरच हिसकावून घेतला. मग मी क्रँकचा दांडा जागच्या जागी पॉलिश केला, नवी बेअरिंगं बसवली. नट मात्र तिनं आवळले, एकेक. हट्टच धरला. ठिपके द्यायला रंग नव्हता, तर घरात जाऊन ती बाटली घेऊन आली."

"मला का नाही सांगितलं?"

"मीही तेच विचारलं."

"मग?"

"म्हणाली, गाडीच्या दाराला ओरखडा आला तर तो ईस्टरपर्यंत माझ्याशी बोलला नव्हता. हे तर इंजिन आहे."

नॉर्मनला तो ओरखडा लगेच आठवला. कडीच्या खाली, बोटभर लांब, शेवटाला किंचित वळलेला. अबोला मात्र काही केल्या आठवेना.

ती त्याचीच होती. एवढं कळल्यावर छातीवरचं ओझं उतरायला हवं होतं. तो उभ्या उभ्या चहा प्यायला.

"बरं, चल," शेवटी डेरिक म्हणाला. "नवी बेअरिंगं आण इकडे. मी पुसून ठेवतो, तू मापं घे."

नॉर्मननं कागदात गुंडाळलेला जोड त्याच्या हातात दिला. या मापाची बेअरिंगं मिळवायला त्यानं अख्खा उन्हाळा दुकानं पालथी घातली होती. डेरिकची बोटं आता पहिल्यासारखी वळत नसत. कागद उलगडताना बेअरिंगचा पातळ अर्धगोल तुकडा त्याच्या चिमटीतून निसटला आणि सिमेंटवर आपटला. त्याची कड चेपलेली लांबूनही दिसत होती.

डेरिक तो उचलायला वाकला नाही. आधी त्यानं नॉर्मनच्या तोंडाकडे पाहिलं.