तंतुकणिकांचा रंग

"तंतुकणिका अबोलीच असतात, मुक्ताच्या आई," विज्ञानाच्या बाई ठामपणे म्हणाल्या. पेपरात मुक्तानं ‘त्यांना रंग नसतो’ असं लिहिलं होतं आणि त्यावर लाल फुली होती.

मार्कांसाठी भांडायचं नाही, असं ठरवून आलेल्या हेमांगीला राहवेना. "अहो बाई, पेशीतल्या या कणांना असा रंग नसतो. शिकवायला सोपं जावं म्हणून आम्ही तो भरतो."

"काहीतरीच! हे बघा." बाईंनी मोबाईल पुढे केला. त्यावर एक पेशी डौलात फिरत होती आणि आत अबोली तंतुकणिका वळवळत होत्या. "मोठ्या शास्त्रज्ञांनी केलाय हा व्हिडिओ!"

व्हिडिओच्या शेवटी नाव झळकलं: डॉ. हेमांगी ठोंबरे. बाईंनी जीभ चावली. मग दोघींनाही हसू आवरेना.

घरी आल्यावर हेमांगीनं सासूबाईंना सगळं सांगितलं. रंग निवडताना समोर दोरीवर त्यांचंच अबोली लुगडं वाळत होतं, हेही.

सासूबाई खुलल्या. "म्हणजे माझं लुगडं परीक्षेला आलं! मग फुली बरोबरच की. आजीचं लुगडं ओळखता येऊ नये पोरीला?"