विहिरीवरचा कंदील, भाग दुसरा

ग्रंथांवर प्रेम कसं करावं हे जगानं येरमाळ्याकडून शिकावं, असं वाचनालयाचे अध्यक्ष अमरसिंहबापू माईकवरून म्हणाले. त्यांच्या पाठीमागं पुस्तकांच्या कपाटाला कुलूप होतं. उद्घाटन झाल्या दिवसापासून होतं.

पहिल्या रांगेत फरिदाबी सत्कारात मिळालेलं पदक गळ्यात घालून बसल्या होत्या. पदकावर ‘बिब्लिओफाइल’ कोरलेलं. त्यांची नजर मात्र कपाटाच्या काचेवर चिकटवलेल्या यादीवर होती. पुस्तकं मळू नयेत म्हणून बापूंनी ती न उघडताच, थप्पी मोजून यादी केली होती : ‘विहिरीवरचा कंदील, भाग १ ते ९’. उद्घाटनाला टेबलावर मांडलेला पहिला भाग फरिदाबींनी घरी नेला. त्याच्या शेवटच्या पानावर धाकट्या सुनेला कुणीतरी विहिरीत ढकललं आणि कंदील विझला. त्याला आता चार वर्षं झाली. तोवर फरिदाबींनी गोष्ट सांगून सांगून अख्ख्या गावाकडून पाठ करवून घेतली होती.

“पदकावरचा शब्द ग्रीक लोकांचा,” बापू सांगत होते. “बिब्लिऑन म्हणजे पुस्तक, फिलोस म्हणजे प्रेम करणारा. बिब्लॉस नावाच्या बंदरातून त्यांना कागद यायचा, त्यावरनं पुस्तकाला नाव पडलं म्हणतात.”

“आपला कळंबहून येतो,” शेजारच्या हरणाबाई पुटपुटल्या.

फरिदाबी उठल्या. “बापू, सुनेला ढकललं कुणी?”

बापू गडबडले. “ते... आत लिहिलेलं असंल की.”

“मग काढा की भाईर. दर बाजारी येते, दर बाजारी म्हणता पुस्तक मळतं. परवा डोळ्याचं आपरेशन हाय माझं. मागनं दिसंल, न दिसंल. हे पदक घ्या वापस, अन् दुसरा भाग द्या.”

“दिरानंच ढकललं,” हरणाबाई म्हणाल्या.

“दीर कसा? त्यो आधीच मेला न्हाय का!” मागनं सिद्रामप्पा ओरडले. “बापू, खोला कपाट!”

सभेनं ते उचलून धरलं. बापूंनी नाइलाजानं किल्ली लावली. कुलूप गंजलेलं, फिरेना. शेवटी सिद्रामप्पांनी सत्काराचा नारळ उचलला. तिसऱ्या घावाला नारळ फुटला, चौथ्याला कुलूप.

खालच्या फळीवर ‘विहिरीवरचा कंदील’ची आठ पुस्तकं होती, कोरी करकरीत. फरिदाबींनी एकेक उघडून पाहिलं.

आठही प्रती पहिल्या भागाच्याच होत्या.