कड्यावरून खाली

‘मूल मांडीवर घेऊन खेळू नये. टोपीतून डोक्यात उतरणारी भीती स्पर्शाने पसरते,’ ही व्हिडिओ गेमच्या खोक्यावरची सूचना शर्वाणीने हसण्यावारी नेली होती. त्या साहसी खेळाचा पहिला भाग नायिकेने कड्यावरून उडी घेताच संपला, आणि तेव्हापासून तान्ही मनवा पाळण्यात ठेवली की किंचाळायची.

परीक्षणासाठी दुसरा भाग आला, तशी शर्वाणी टोपी चढवून लेकीला घेऊन बसली.

“पुन्हा? वेड लागलंय का तुला?” नवरा ओरडला.

“अरे, पोर अजून हवेतच आहे. तिला खाली उतरवायला नको?”

नायिका नदीत पडली, पोहत काठाला लागली. मनवाने लांब सुस्कारा सोडला आणि तिचा डोळा लागला. पाळण्यात ठेवली तरी ती शांत झोपून राहिली.

शर्वाणीने डोळे पुसत परीक्षण लिहिलं : ‘सुरुवात झकास. पहिला भाग खेळताना तुम्हाला कोणी बिलगून बसलं होतं का? आज त्यांची विचारपूस कराच.’