घडीतली वाळू

"दादी, लाइट जाऊन आली की नवा पंप आपोआप चालू होत नाही. पाणी फिरलं नाही तर मासे गुदमरतील. तेवढं बटण दाबशील ना?" धुळ्याहून पुण्याला निघताना रोनकने आजीकडून वचनच घेतलं होतं.

आज लाइट जाऊन आली, तेव्हा सूरजबाई रोजची सामायिक, म्हणजे जैनांचं एका आसनावरचं जपध्यान, करत बसल्या होत्या. घडीतली वाळू संपेपर्यंत आसन सोडायचं नाही, विजेच्या बटणाला हात लावायचा नाही, हा नेम लग्नापासून कधी मोडला नव्हता. घरात दुसरं कोणी नव्हतं. टाकीतले मासे वर येऊन तोंडं उघडू लागले. नवकार ओठांवर, डोळे टाकीकडे. वाळू थोडीच उरली होती, पण सरेचना. एक मासा आडवा झाला.

सून बाजारातून आली, तेव्हा टाकीत पाणी खळखळत फिरत होतं. "मम्मीजी, सामायिक झाली का?"

"नाही गं, आता बसते," म्हणत सूरजबाईंनी घडी उलटी केली.