कॉलर कुणाची धरायची?

"खुल्या सॉफ्टवेअरला ना आई ना बाप. उद्या अडलं तर कॉलर कुणाची धरायची?" असं म्हणत साहेबांनी प्रोग्रामरबाईंचं न ऐकता एका कंपनीचं कुलूपबंद सॉफ्टवेअर घेतलं. आज सकाळी ते अडून बसलं. बाईंनी तक्रार लिहून पाठवली आणि मदतकेंद्राचा फोन कानाला लावून त्या खोलीभर येरझाऱ्या घालत राहिल्या.

"थांबा मॅडम, आमच्या तज्ज्ञांना विचारतोय."

तेवढ्यात बाईंचा कॉम्प्युटर किणकिणला. खुल्या सॉफ्टवेअरवाल्यांच्या ज्या ऑनलाइन कट्ट्यावर त्या फावल्या वेळात लोकांच्या अडचणी सोडवायच्या, तिथे नवा प्रश्न येऊन पडला होता. त्यांचीच तक्रार, स्पेलिंगच्या चुकीसकट.

साहेब दारात आले. "काय म्हणतायत?"

"विचारतायत."

"कुणाला?"

"मला."