मुकं विमान

मुलांनो, कल्पना करा, सगळी यंत्रं बोलतात आणि आपला बिघाड स्वतःच सांगतात. अशा काळातल्या एका खंडेनवमीला एक जुनं, मुकं लढाऊ विमान लोकांसमोर उडणार होतं. पण धावपट्टीवर वेगाचा काटा हलेना, म्हणून वैमानिक रेवतीआत्याने ते परत आणलं.

"अरे बाबा, बोल ना! आज उडाला नाहीस, तर कायमचा संग्रहालयात जाशील," ती विमानावर वैतागली.

"आत्या, हे आमच्या बाबांसारखंच आहे. सांगणार नाही, आपणच बघायचं," भाची शर्वरी म्हणाली.

तिने विमानाच्या नाकावरच्या, वेग मोजणाऱ्या नळीत डोकावलं. सकाळी पूजेत तिनेच घातलेल्या हारातली झेंडूची पाकळी आत अडकली होती.

शर्वरीने पाकळी अलगद काढली आणि बाजूला ठेवलेला हार आत्याच्याच गळ्यात घातला.