चांगुणाचा काढा

"टाक त्या गोळ्या उकिरड्यावर!" रंगनाथ वैद्य कडाडले. "इंग्रजी गोळीनं डोकं बधिर व्हतं, मन बरं व्हत न्हाई."

चांगुणानं गोळ्यांची पुडी पदराच्या गाठीला बांधली आणि उंबऱ्यातच बसकण मारली. ती त्यांची धाकटी मेहुणी. वैद्यांची बायको आक्काबाई जाऊन दोन वर्षं झाली होती, आणि एवढ्या दिवसांत त्या दारात आपणहून येऊन बसलेलं हे पहिलंच माणूस.

"मग काय करू, दाजी? झोप न्हाई, भूक न्हाई. आक्का गेली तवापासनं जीव नकोसा झालाय. नगरच्या डाक्टरनं ह्या दिल्यात."

आक्काबाईचं नेमकं असंच झालं होतं. आधी खाणं सुटलं, मग बोलणं, शेवटी भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. लोक म्हणाले, नगरला न्या. वैद्य म्हणाले, घरात वैद्य असताना? काढ्यावर काढे पाजले, आणि एके दिवशी ती गेली. त्या दिवशी पालथा घातलेला खल वैद्यांनी पुन्हा सुलटा केला नव्हता. दवाखाना बंद, बोलणं बंद. भाकरी थापली तर थापली, नाहीतर पाणी पिऊन आढ्याकडे बघत पडायचं. घर कसं खायला उठायचं.

"मला तुमचाच काढा द्या," चांगुणा म्हणाली.

वैद्यांनी पालथ्या खलाकडे पाहिलं. हीसुद्धा हातची गेली तर? पण गोळ्या घे म्हणावं, तर आक्काबाईला आपणच घालवली असं कबूल केल्यासारखं. त्यांनी खल सरळ केला.

"रोज सांजच्याला यायचं. माझ्यापुढं प्यायचा. आन् गोळीला शिवायचं न्हाई."

"एक गोळी तोंडात घालनार न्हाई, आक्काची आन. पन फुकटच्या औषधाला गुन येत न्हाई, दाजी. पैका तर न्हाई माज्याकडं. कामावर सुकडी मिळती, तिचा लाडू आनीन. तुमी बी माज्यापुढं खायाचा."

बहात्तरचा दुष्काळ. चांगुणा जामखेडच्या रस्त्यावर दुष्काळी कामाला जायची, दिवसभर खडी फोडायची. तिथं मजुरांना सुकडी, म्हणजे भाजलेलं पौष्टिक पीठ, वाटत. स्वतःच्या वाट्यातली चिमूट चिमूट राखून ती रोज एवढासा लाडू वळून आणायची.

वैद्यांनी जुन्या बरण्या उघडल्या. ब्राह्मी, शंखपुष्पी, जटामांसी. कडू जहर काढा! चांगुणा डोळे मिटून एका दमात प्यायची, थेंब सांडायची नाही. मग पदरातून लाडू काढायची आणि वैद्यांचा शेवटचा घास घशाखाली उतरेपर्यंत जागची हलायची नाही.

"सुकडी कडसर लागतीय गं."

"सरकारी पीठ, दाजी. फुकटच्या गाईचं दात कशाला मोजता?"

वैद्यांना हसू फुटलं. दोन वर्षांनी फुटलं, त्यामुळे त्याचा त्यांनाच ठसका लागला.

महिना उलटला. "काल कशी गाढ झोप लागली, दाजी," चांगुणा म्हणाली. वैद्यांनी मनातल्या मनात आक्काबाईला हात जोडले. ते स्वतःही त्या आठवड्यात उजाडेपर्यंत झोपले होते. हात चालला की जीव चालतो, दुसरं काय! सांज झाली की ते दोघांपुरतं पिठलं टाकून वाट बघत बसायचे. ती मुकादमाची नक्कल करायची, ते पोट धरून हसायचे. महिन्यातून एकदा ती नगरला लेकीकडे जायची. तेवढा एक दिवस त्यांना सरता सरायचा नाही. उन्हाळा तर असला पेटला होता, की वैद्यांच्या तोंडाची कोरड जाईना. पाण्याचा तांब्या कायम उशाशी.

चैत्र सरता सरता वैद्यांनी टोपी झटकली.

"नगरला जातो. तुज्या त्या डाक्टरला सांगतो, बघ म्हनावं, काढ्यानं बाई कशी ठनठनीत झाली."

चांगुणाचा चेहरा उतरला. "नगं, दाजी. कशाला उगा भांडान?"

पण दुसऱ्या दिवशी ती कामावर गेल्यावर वैद्यांनी सकाळची एसटी धरलीच. आज दोन वर्षांनी ताठ मानेनं बोलायचं होतं. मनातल्या मनात आक्काबाईलाही सांगायचं होतं, माझं औषध खोटं नव्हतं गं.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"तुमची एक गोळी खाल्ली न्हाई तिनं," वैद्य छाती काढून म्हणाले. "लिहून घ्या. निव्वळ काढा!"

"गोळ्या नाही खाल्ल्या, ते खरं आहे," डॉक्टर म्हणाले. "दर महिन्याला घेऊन मात्र जातात." त्यांनी वैद्यांना एकदा नीट निरखलं. "बरं झालं आलात. न बघता मी तरी किती दिवस देणार? तोंडाला कोरड पडते का हो तुमच्या?"

"पडती की. पन उन्हाळाच असा..."

डॉक्टरांनी कपाटातून एक कागद काढून त्यांच्यापुढे सरकवला. वैद्यांनी चष्मा लावला. चांगुणाचं नाव त्यात कुठंच नव्हतं. वर लिहिलं होतं, रंगनाथ वैद्य, वय छप्पन्न. आणि खाली, लाल शाईत: रोगी औषध घेणार नाही. मेहुणीने सुकडीतून द्यावे.